दोन चमचे पाणी

दुपारी ओटा पुसत होते, तर खिडकीतल्या सक्युलंटचं एक पान आपोआप गळून कडप्प्यावर पडलं. उचलायला गेले तर बोटांतच पिचकलं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक, पिवळट. या आठवड्यातलं चौथं.

घेताना नर्सरीवाला म्हणाला होता, "ताई, याला काही म्हणजे काही लागत नाही. विसरून जा." विसरून जा म्हणे! आमच्या दारात कुरिअरवाला आला तरी "पाणी देऊ का?" विचारल्याशिवाय माझ्या हातून सही होत नाही. त्यात याची कुंडी मूठभर आणि पानं तान्ह्या बाळाच्या दंडासारखी. येताजाता दोन चमचे घातले जायचेच. पान सुरकुतलं तर तहान, असं फुगून गळलं तर पाणी जास्त, हे कळेपर्यंत मुळं बहुधा कुजली होती. कुंडीत माती कमी नि कोकोपीट जास्त. ते पावसाळ्यात वाळत घातलेल्या गोधडीसारखं, कधी हात लावा, ओलंच. शिवाय खिडकी उत्तरेची. उजेडासाठी बिचाऱ्याने मान इतकी लांब काढलीय, की गर्दीच्या एसटीत आपला थांबा आला का बघणारा माणूस आठवावा.

आत्याच्या दाराला कोरफड टांगलेली असायची. उलटी, मुळं वर, दृष्ट लागू नये म्हणून. ना माती, ना पाणी. मे महिन्यात जाऊन बघावं तर थोडी वाळलेली, पण पानांची टोकं वळवून पुन्हा आभाळाकडे केलेली. मी गुपचूप तिच्यावर पाणी शिंपडायचे. आत्या आतून ओरडायची, "अगं, तिचं तिला जगू दे की!"

वहीत मोरपीस असायचं, त्याला पेन्सिलीचा कीस खायला घालायचो. त्याला पिल्लं कधी झाली नाहीत. पानफुटीच्या पानाला मात्र कडेच्या खाचांतून खरोखर व्हायची, तीही कीस न खाता. ते पान मी चावूनही पाहिलंय. सकाळी आंबट लागतं, दुपारनंतर ती चव उतरते. पुढे वाचलं, की कंपनी सरकारच्या काळात बेंजामिन हायने नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने इकडेच हाच उद्योग केला होता आणि त्याचं टिपण 1815 मध्ये लंडनला छापूनही आलं. मला फक्त धपाटा मिळाला होता. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतात, पाणी उडू नये म्हणून. रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्याचं आम्ल करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुरवून पुरवून वापरतात.

पुरवून.

शेवटची दोन वर्षं आत्या डायलिसिसवर होती. दिवसभराचं पाणी सकाळीच मोजून बाटलीत भरायचं आणि रात्रीपर्यंत पुरवायचं. ते दुपारीच संपायचं. "घोटभर दे गं. मी नाही सांगत कुणाला." मी द्यायचे. प्रत्येक वेळी द्यायचे.

मघाशी कुंडीत बोट घालून बघितलं. ओलंच आहे अजून. चमचा धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवलाय, अगदी मागे, लाटण्याच्या खाली.