तुम्ही विचारलंत म्हणून: कविता मोजून का वाचायच्या?

“कविता काय मोजून वाचायच्या असतात का?” महिन्याला दोन कवितासंग्रह वाचायचे आणि दोन्हींवर परीक्षण लिहायचं असं मी ठरवलंय, हे कळलं की जळगावपासून धुळ्यापर्यंत हाच प्रश्न येतो. पाठोपाठ दुसरा: “आमच्या पुस्तकावर कधी लिहिताय?”

मोजायचं कारण सरळ आहे. संग्रह बहुधा पाच ते सात फर्म्यांचा, म्हणजे ८० ते ११२ पानांचा. तासाभरात हातावेगळा होतो आणि तिथंच घात होतो: पुस्तक संपतं, वाचून झालेलं नसतं. म्हणून मोजायची ती परीक्षणं. लिहायचं असलं की दुसरं वाचन टळत नाही.

पहिलं वाचन एका बैठकीत, पेन्सिल न घेता. मग दोन-तीन दिवस पुस्तक बाजूला. दुसरं वाचन मोठ्यानं, दिवसाला पाच-सहा कवितांच्या वर नाही. जीभ अडखळली की खूण करायची आणि बघायचं, कवीनं मुद्दाम अडवलंय की अक्षर कमी-जास्त झालंय. अष्टाक्षरी, म्हणजे ओळीत आठ अक्षरं असतील तर बोटांवर मोजावं, लगेच कळतं. तिसऱ्यांदा फक्त खुणा. सहाशे शब्दांत दोन कविता नीट उलगडता येतात. बारा कवितांची नुसती नावं घेऊन वाचकाच्या हाती काय लागतं?

उतारा द्यायचा तर पूर्ण कडवं, ओळी तोडल्यात तशाच, पान क्रमांकासह. यावरून मला हेकट म्हणतात. म्हणोत. एका अहिराणी संग्रहाचं काय झालं ते ऐका. अहिराणीत ‘ळ’च्या जागी बऱ्याचदा ‘य’ येतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. कवयित्रीनं ‘माया’शी ‘डोया’ जुळवला होता. परीक्षणात कडवं जसंच्या तसं दिलं होतं. छापताना कुणीतरी ते ‘शुद्ध’ केलं: डोळा. वरच्या परिच्छेदात वाक्य होतं की यमक कुठंही ओढून आणलेलं नाही, आणि खालच्या कडव्यात यमकच उरलं नव्हतं. अक्षरं आठच्या आठ भरत होती, त्यामुळे तपासणाऱ्याच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा आला, कडवं पुन्हा छापलंच नाही. त्या पुस्तकावर छापून आलेलं तेवढंच एक परीक्षण. ज्यांनी पुस्तक पाहिलं नाही, त्यांच्यासाठी ती बाई यमक न जमणारी कवयित्री ठरली. याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं.

म्हणून आता उताऱ्याच्या डोक्यावर ‘मूळ बोलीप्रमाणे, बदलू नये’ असं लिहून, सोबत मूळ पानाचा फोटो पाठवायचा. मुद्रित, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, आपल्याकडे आल्याशिवाय छापायला परवानगी नाही. एकाच पुस्तकात एकच अहिराणी शब्द दोन तऱ्हांनी आला असेल तर आपण तो एकसारखा करू नये, कवीला विचारावं. गावागणिक उच्चार बदलतो, दोन्ही रूपं त्यानं जाणून ठेवलेली असू शकतात.

प्रस्तावना आधी वाचायचीच नाही, हाही माझा जुना नियम. ती वाचली की तिचीच मतं आपल्या वाक्यांत शिरतात. पण १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ आली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, आणि आसोद्याच्या लेकीकडे महाराष्ट्राचं लक्ष जायला तिचा हातभार लागला, हे कसं नाकारणार? नियम पाळतो, त्याची बाजू पूर्वीसारखी ठासून मांडता येत नाही.

“ओळखीच्यांवरच लिहिता” हा आरोप निम्मा खरा आहे. खान्देशात कवी भेटतात ते एकमेकांच्या प्रकाशनांत. त्यावर इलाज एवढाच की दोनांतला एक संग्रह कधीही न भेटलेल्या कवीचा घ्यायचा. पहिलाच संग्रह फसलेला असेल तर त्यावर लिहीत नाही; याला तुम्ही भित्रेपणा म्हणता. तिसऱ्यातही तेच फसलं असेल तर पान क्रमांक देऊन लिहितो. दुसऱ्या संग्रहाचं काय करायचं, याचा मात्र दर वेळी घोळ होतो.