टाकीच्या तोंडाशी

चाकणला सुरक्षा रक्षकांना शिकवतो मी. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या नियमांनुसार नव्या पोराचे १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर झाले पाहिजेत. आग, गर्दी, ओळखपत्रं, प्रथमोपचार, एफआयआर, सगळं त्यात येतं. सांडपाण्याच्या टाकीला वेगळा तास नाही. तो मी प्रथमोपचारात घुसवतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू जास्त असला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरलेला कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून माझं एकच सांगणं असतं : उतरायचं नाही, कुणाला उतरू द्यायचं नाही.

त्या दिवशी दुपारी सुपरवायझरचा फोन आला. ‘‘सर, तुमच्या पोरानं सोसायटीत घोळ घातलाय.’’

गेटवर रहिवासी जमले होते. ‘‘माणूस आत मरत होता आणि वॉचमननं त्याच्या भावालाच धरून ठेवलं!’’

टाकीतला पंप तुंबला म्हणून दोघं भाऊ आले होते. एक जण पट्टा-मास्क काही न लावता आत उतरला. असं माणसाला उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, पण ज्यांनी बोलावलं त्यांनी विचारलंच नाही. दुसरा टेम्पोतून पाइप घेऊन आला, तेव्हा पहिला खाली पडलेला. त्यानं पाइप टाकला आणि शिडीवर पाय ठेवला.

आमचा पोरगा केबिनमध्ये बसला होता. चोवीस वर्षांचा, जालन्याकडचा. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे.

‘‘चावला पण तो, सर. मी सोडलं नाही.’’

रजिस्टर त्यानं स्वतःच पुढे केलं. ११.१० आत माणूस पडला. ११.११ १०१ ला फोन, गॅस आहे असे सांगितले. ११.१२ भावास धरले. ११.२८ बंब आला. वेळा फोनमध्ये बघून लिहिल्या होत्या. अक्षर थरथरलेलं.

जवान श्वसनसंच लावून उतरले, माणूस वर काढला. रुग्णालयात नेईपर्यंत तो गेला होता.

मी रहिवाशांना वायूबद्दल सांगितलं. काही जण गप्प झाले, सगळे नाही. दुसऱ्या दिवशी पोराला तिथून हलवलं. त्याचा राग मला अजून आहे. त्या घरचा दुसरा मुलगा ज्यानं वाचवला, त्यालाच शिक्षा!

निघताना मी त्याला विचारलं, ‘‘सोळा मिनिटं धरलंस कसं?’’

‘‘उभ्यानं जमेना, सर. मग त्याला घेऊन खालीच बसलो.’’

हे मी कधी शिकवलंच नव्हतं. सोमवारी नवी बॅच आली. मैदानावर खडूनं टाकीचं तोंड काढलं आणि पोरांच्या जोड्या लावल्या. मागून काखेखालून हात घालायचे, आपलंच मनगट पकडायचं आणि त्याला घेऊन खाली बसायचं. बंब येईपर्यंत उठायचं नाही.