आत्याचा फोन आणि न बोलावलेले पाहुणे

आज मंगळवार पेठेत आत्याकडे जेवायला गेलो, तर ताटाच्या आधी हातात फोन. "बघ की रे, फोटो निघंना झालाय. जागा न्हाई म्हणतंय."

फोन 3 महिन्यांचा. 64 जीबी. आत बघतो तर दोन ब्राउझर, दोन गॅलऱ्या, दोन अ‍ॅप स्टोअर, थीमचं एक दुकान आणि चार गेम. यातलं आत्यानं काहीच घेतलेलं नाही. लॉक स्क्रीनवर रोज नवी जाहिरात. तिला वाटायचं, फोन स्वतःच चित्र बदलतोय. "चांगलंय की!"

गेम उडाले. बाकीची मंडळी सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या राखीव जागेत, ठाण मांडून बसलेली. ती फक्त 'डिसेबल' होतात, मूळ जागा सोडत नाहीत. लॅपटॉप जोडून एडीबीनं (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायचं साधन) काहींना हाकललं, पण तेही तिच्या युजर खात्यापुरतंच. फॅक्टरी रीसेट मारला की परत हजर!

अमेरिकेत असली भरताड सिमवाल्या कंपन्याही करतात, आपल्याकडं मुख्यतः फोन बनवणारेच. 2014 साली गूगलनं अँड्रॉइड वन सुरू केलं ते भारतातच, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसच्या स्वस्त फोनांवर. साधं, मोकळं अँड्रॉइड. मला अजून तसलंच आवडतं.

आत्यालाही तसाच फोन घे म्हणणार होतो. तेवढ्यात पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवत ती म्हणाली, "ते दुसरं व्हॉट्सअ‍ॅप काढू नगंस हां, भिशीचं हाय."

आता एका अ‍ॅपची अशी जुळी प्रत बनवायची सोय त्या स्किनचीच, म्हणजे कंपनीनं अँड्रॉइडवर चढवलेल्या साजाचीच. गप जेवलो.