भुंग्याची नोंद १२: चेंडू येतो, हातात मात्र येत नाही

मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या ऐटीत लिहिले होते की आता केवळ सफाईचे काम उरले आहे. ते शब्द मी मागे घेते. फेकलेला चेंडू आणून द्यायला मी माझ्या कुत्र्याला, भुंग्याला, शिकवते आहे. भुंगा धावतो, चेंडू उचलतो, वळतो, सरळ माझ्याकडे येतो आणि माझ्यापासून बरोबर दोन पावलांवर आला की तोंड उघडून चेंडू खाली टाकतो. चेंडू घरंगळत भलतीकडेच जातो आणि हे महाशय कामगिरी फत्ते केल्याच्या थाटात शेपटी हलवत माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहतात. गेले सोळा दिवस मी या दोन पावलांत अडकून पडले होते. परवा संध्याकाळी अखेर वाट सापडली, म्हणून ही नोंद.

पाठलाग, उचलणे, परत येणे, हातात देणे अशी ही साखळी आहे; तिच्या बाकीच्या कड्यांची स्थिती थोडक्यात सांगते. पाठलाग त्याला शिकवावा लागला नव्हताच, उचलणेही पक्के झाले आहे. चेंडू घेऊन पळवापळवी करण्याचा त्याचा लाडका खेळ मात्र लांब दोरीपेक्षा माझ्या पाठीमुळे सुटला. तो चेंडू घेऊन दूर उभा राहिला की मी त्याच्या मागे न धावता पाठ फिरवून शांतपणे उलट दिशेला चालू लागते. माणूस मागे धावला तर खेळ कुत्र्याचा होतो आणि माणूस निघून चालला तर कुत्र्याला त्याच्यामागे यावेसे वाटते, हे पुस्तकी वाक्य मी अनेकदा वाचले होते. पण भुंग्याचे चार पाय माझ्यामागे धावत येताना ऐकले तेव्हा ते मला पटले. सात मीटरची दोरी अजून हार्नेसला असते, परंतु गेल्या दहा दिवसांत ती एकदाही ओढावी लागलेली नाही. हा आनंद मी पुरेपूर उपभोगला आणि मग त्या दोन पावलांनी तो सगळा वसूल केला.

माझा पहिला संशय दातांवर होता. भुंगा सात महिन्यांचा आहे. पिल्लाचे २८ दुधाचे दात जाऊन कायमचे ४२ दात येण्याचा काळ साधारण याच सुमारास संपतो, आणि हिरड्या ठणकत असतील तर तोंडातली वस्तू फार वेळ धरवत नाही. म्हणून सलग तीन दिवस त्याचे ओठ वर करून मी सुळे आणि दाढा तपासल्या. लाली नव्हती, सूज नव्हती, आणि त्याच संध्याकाळी त्याने जुन्या दोराचे टोक पकडून मला अर्धी खोली ओढत नेले. दुखऱ्या हिरड्यांचे कुत्रे असे ओढत नाही. तो संशय तिथेच मिटला.

दुसरा संशय चेंडूवर गेला. टेनिसच्या चेंडूविषयी माझे मत आधीपासूनच कडवट आहे. त्याच्यावरच्या लोकरी कापडात माती आणि वाळूचे कण अडकतात आणि चघळणाऱ्या कुत्र्याच्या दातांवर ते पॉलिशपेपरासारखे काम करतात. शिवाय नियमाप्रमाणे त्याचा व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटीमीटर असतो. लहान जबड्याला हे माप चालते, पण मोठ्या जबड्याच्या कुत्र्याच्या घशाशी असा चेंडू जाऊन बसू शकतो. भुंग्याचा जबडा अजून वाढतो आहे, त्यामुळे मी रबरी चेंडूकडे वळले. पहिला मागवला त्याला टायर जाळल्यासारखा वास येत होता आणि तिसऱ्याच दिवशी तो शिवणीवर उकलला. विक्रेत्याने त्यावर ‘आपल्या कुत्र्याचे दात जास्त तीक्ष्ण असावेत’ असे उत्तर पाठवले. दुसरा, आरपार भोक असलेला, जाड आणि किंचित मऊ रबराचा चेंडू मात्र उत्तम निघाला. तो दाबला जातो, दातांत बसतो आणि पटकन निसटत नाही.

रंगाच्या बाबतीतही मी एक चूक सुधारली. आधीचा चेंडू लाल होता, कारण तो मला गवतात लांबून दिसत असे. मला दिसत असे, त्याला नव्हे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींचे दोनच प्रकार असतात, हे नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स या संशोधकांनी १९८९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल आणि हिरवा यांत मात्र त्याचा गोंधळ होतो. म्हणजे इतके दिवस मी हिरव्या गवतावर जवळजवळ गवताच्याच रंगाचा चेंडू फेकत होते आणि तो बिचारा नाकाने शोधत होता. निळा चेंडू आणल्यापासून त्याचे गवतात गोल गोल फिरणे बंद झाले आहे. हा विजय छोटा असला तरी माझ्या वहीत त्याला स्वतंत्र पान मिळाले आहे. दोन पावलांचा प्रश्न मात्र निळ्या चेंडूनेही सुटला नाही.

मग मी स्टुलावर मोबाइल टेकवून स्वतःचेच चित्रीकरण केले. हे मी महिनाभर आधी करायला हवे होते, आणि आपल्यापैकी जे कोणी चित्रीकरणाचा कंटाळा करत असतील त्यांनी तो सोडावा असे मी आग्रहाने सांगेन. संथ गतीने पाहताना पहिल्या तीन फेऱ्यांत मी केवळ भुंग्याकडे पाहत होते आणि मला काहीच कळले नाही. चौथ्या वेळी चुकून नजर माझ्यावर पडली. भुंगा तीन पावलांवर आला की माझा उजवा खांदा किंचित खाली येतो, कोपर मागे जाते आणि बोटे कमरेच्या खाऊच्या थैलीकडे निघतात. बोटे थैलीला टेकायच्या आधीच भुंग्याचा खालचा जबडा सैल पडतो आणि चेंडू सुटतो. २३ फेकींपैकी १९ वेळा हाच क्रम होता. उरलेल्या चारपैकी तीन वेळा माझा डावा हात थैलीत होता, कारण उजव्या हातात मी क्लिकर धरला होता, म्हणजे कुत्र्याने बरोबर केले त्या क्षणी दाबायची टिक वाजणारी छोटी डबी.

म्हणजे ‘सोड’ हा शब्द मी तोंडाने अजून उच्चारलाही नव्हता, परंतु खांद्याने तो कधीच सांगून टाकला होता. तोंडात चेंडू असताना खाऊ खाता येत नाही, तेव्हा खाऊ येणार असे दिसताच तोंड रिकामे करणे हा त्याच्या दृष्टीने शुद्ध शहाणपणा होता. त्यात माझ्या क्लिकरने भर घातली. तो जवळ आला की मी क्लिक करत असे, पण माझा अंगठा नेहमी अर्धा क्षण मागे राहत असे, त्यामुळे आवाज व्हायचा तेव्हा चेंडू हवेत असायचा. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी डिसेंबर १९५१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्राणी शिकवण्याविषयी लिहिताना टिकटिक वाजणारे खेळणे वापरण्याचे सुचवले होते, ते त्या आवाजाने नेमका क्षण पकडता येतो म्हणून. मीही क्षण नेमका पकडत होते, फक्त चुकीचा. इतके दिवस मी ‘आणून देणे’ शिकवते आहे असे समजत होते आणि प्रत्यक्षात ‘दोन पावलांवर टाकणे’ याला खाऊ देत होते. हे ध्यानात आल्यावर मला काही वेळ स्वतःचाच राग आला आणि मग भुंग्याचे कौतुक वाटले, कारण शिकवलेले त्याने अगदी चोख शिकले होते.

उपाय म्हणून मी साखळी पुन्हा शेवटच्या कडीपासून जोडायला घेतली. खाऊची थैली कमरेवरून काढून माझ्या पाठीमागच्या फडताळावर ठेवली. मी बुटक्या स्टुलावर बसले, क्लिकर डाव्या हातात मुठीत लपवला आणि उजवा तळवा गुडघ्यावर उघडा ठेवला. फेकणे पूर्णपणे बंद केले. चेंडू भुंग्याच्या तोंडात द्यायचा आणि तो माझ्या तळव्यात पडला तरच क्लिक, असा एकच नियम ठेवला. जमिनीवर पडला तर ‘नाही’ म्हणायचे नाही, उसासाही टाकायचा नाही, फक्त थांबायचे.

पहिल्या दिवशी त्याने चेंडू अकरा वेळा जमिनीवर टाकला. सहाव्या वेळी तो माझ्यावर भुंकला, आठव्या वेळी त्याने फडताळाकडे जाऊन थैलीखाली बसकण मारली. बाराव्या वेळी चेंडू टाकून तो माझ्याकडे पाहत राहिला, मग आपणहून वाकला, चेंडू पुन्हा उचलला आणि वैतागून माझ्या गुडघ्यावर मुस्कट आपटले. तोंड सुटले, लाळेने चिकट झालेला चेंडू मनगटावरून घसरत तळव्यात आला आणि मी क्लिक केले. फडताळावरून पाच तुकडे आणून एकेक करून दिले. पाचवा तुकडा खाताना त्याने माझ्या रिकाम्या तळव्याकडे पाहिले, आणि ती नजर मला त्या दिवसाच्या सगळ्या खटपटीपेक्षा मोलाची वाटली.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण मी त्यातही फसले. सुरुवातीला चेंडू चुकतो आहे असे दिसले की मी तळवा सरकवून तो झेलत असे. दोन दिवस हे चालते. तिसऱ्या दिवसापासून भुंगा चेंडू हवा तिकडे भिरकावू लागला, कारण यष्टिरक्षण करायला मी होतेच. तेव्हापासून तळवा गुडघ्याला चिकटलेला ठेवला आहे. शिवाय हात कुत्र्याच्या तोंडाकडे पुढे नेऊ नये. पुढे येणारा हात पाहिला की भुंगा मान वळवतो आणि पळवापळवीच्या जुन्या आठवणी जाग्या होतात.

पाचव्या दिवशी अर्ध्या पावलावरून, सातव्या दिवशी बसलेल्या जागेवरून चार पावलांवर चेंडू घरंगळवून काम होऊ लागले. उत्साहाच्या भरात मी लगेच बाहेर मैदानात गेले आणि पुन्हा तेच झाले, दोन पावलांवर धप्प. घरातला तळवा आणि मैदानातला तळवा कुत्र्याला एकच वाटत नाही, हे मी इतरांना सांगत असते, तरीही स्वतः विसरले. त्यात मी रोज तीन वेळा सराव घेत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात ४४ बीगल कुत्र्यांपैकी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा शिकवलेले गट रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सत्रांत शिकले होते, आणि एका दिवशी एकच सत्र घेतलेले सलग तीन सत्रे घेतलेल्यांपेक्षा सरस ठरले होते. भुंगा बीगल नाही आणि माझा संयम प्रयोगशाळेतला नाही, तरी मी दिवसाआड एकच सत्र आणि त्यात सहाच फेकी असे ठरवले. मैदानातही आधी स्टूल नेले. लोक पाहतात, पाहू द्यावे. परवा संध्याकाळी मैदानातल्या स्टुलावरच्या माझ्या तळव्यात सहापैकी पाच चेंडू पडले.

पुढची योजना उभे राहून तळवा देण्याची होती, पण हे लिहिता लिहिताच दुसरे सुचले. खाऊ हा मुळात कशासाठी? भुंग्याला चेंडूमागे धावण्यात खाऊपेक्षा जास्त रस आहे. जास्त आवडणारी कृती कमी आवडणाऱ्या कृतीचे बक्षीस होऊ शकते, हे मानसशास्त्रज्ञ प्रेमॅक यांचे तत्त्व आपल्याला पाठ आहे. मग तळव्यात पडलेला चेंडू त्याच क्षणी पुन्हा उडावा आणि जमिनीवर पडलेला जागीच पडून राहावा, एवढाच व्यवहार का ठेवू नये? दोन चेंडूंची पद्धत (पहिला आणला की दुसरा फेकायचा) मी नोंद ७ मध्ये नाकारली होती, कारण दुसरा चेंडू दिसताच तो पहिला टाकून देत असे. आता पाहिले तर तोही खांद्याचाच आजार होता. एकाच चेंडूच्या या रूपात टाकून देण्याजोगे दुसरे काही दिसतच नाही. खाऊ पूर्ण बंद करणार नाही, कारण नुसत्या फेकींनी तो फार उत्तेजित होतो आणि उत्तेजित भुंगा चेंडू चावत चावत आणतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला खाऊ, बाकीच्या फेऱ्यांना फेक, असे मिश्रण करून पाहते.

फेक मात्र जमिनीलगत घरंगळणारीच राहील. त्याच्या हाडांच्या वाढीच्या टोकांवरची कूर्चा अजून कठीण झालेली नाही, आणि उंच चेंडूसाठी उडी मारून वळत खाली येणे त्या सांध्यांना परवडणारे नाही. उंच झेल पाहण्याची हौस मी पुढच्या वर्षापर्यंत बांधून ठेवली आहे.

एवढे लिहून मी उठले आणि घरातल्याच लांबट पॅसेजमध्ये थैलीशिवाय, उभ्यानेच, आठ फेकी करून पाहिल्या. पाच चेंडू तळव्यात आले. एक माझ्या पायावर पडला. मी हललेच नाही, तेव्हा भुंग्याने तो पुन्हा उचलून दिला. एक दोन पावलांवर पडला, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी माझा खांदा हलला होता. आठवा चेंडू घेऊन तो पलंगाखाली गेला आहे आणि तिथून चघळल्याचा आवाज येतो आहे. मी पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे निघाले आहे.