येळ्ळूर-देसूरच्या भातशिवारात सायकल: बांधावर चाक नको

बेळगावहून भातशेती दाखवायला पाहुण्यांना सायकलवरून न्यायचं असेल, तर येळ्ळूर, राजहंसगड, नंदिहळ्ळी आणि देसूर हा वळसा धरावा. शहापूर-वडगावमार्गे बाहेर पडायचं आणि मच्छे, पिरनवाडीवरून परत यायचं. अंतर साधारण ३०-३५ किलोमीटर. खरी दमछाक एकाच ठिकाणी होते, गडाच्या चढावर. तिथे सर्वांत हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच टाकून ठेवावा. ऐन चढावर पायडलवर जोर असताना गिअर बदलला की साखळी उतरते.

पाहुणे बहुधा लावणी बघायच्या अपेक्षेने येतात. पण या भागात बरंच भात मे अखेर-जूनच्या सुरुवातीला कुरीनं, म्हणजे पाभरीनं, धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरलेलं असतं. जुलैत तिथे भांगलण चालू असते, लावणी नाही. रोप लावण सखल, पाणथळ खाचरांत होते. म्हणून वाटाड्यानं आदल्या दिवशी गावात विचारून कुठल्या शिवारात लावण चालू आहे ते ठरवावं. तीन-चार आठवड्यांचं रोप, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीन काड्या, खाचरात बोटभर पाणी: एवढं समोर दिसलं की पाहुण्यांना बरंच कळतं.

आता बांध. फोटोसाठी सायकल बांधावरून चालवायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो तिथेच अडवावा. लावणीआधी शेतकरी बांध तासून, खेकड्या-उंदरांची बिळं बुजवून कडेला चिखल लिंपतो. तो ओला असताना एका चाकाची चाकोरी उमटली, की पाणी तिथूनच वाट काढतं. पाऊस लागला की रात्रीत खांड पडते, म्हणजे बांध फुटतो, आणि नुकताच टाकलेला युरिया खालच्या खाचरात जातो. चूक दोन मिनिटांची, नुकसान त्या घराचं. सायकली रस्त्यावर लावाव्यात, मालकाला विचारावं आणि जुन्या, गवत आलेल्या बांधावरून एकामागोमाग चालत जावं. "कुठनं आलासा?" असं कुणी विचारलं तर थांबून नीट उत्तर द्यावं. मावशी-मामांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

फुलोऱ्याच्या दिवसांत, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सकाळी उशिरा भाताची फुलं उमलतात. तेव्हा लोंब्यांना हात लावत फिरू नये. बासमतीच्या शिवाराचा वास रस्त्यावरूनही येतो. इंद्रायणी ही आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळला तयार झालेली जात. ती इथे सर्रास पिकते आणि तिचा भात मऊ, चिकट होतो. जेवणात हे दोन्ही भात शेजारी-शेजारी वाढायला सांगावं. सांगायचं मात्र आदल्या दिवशी, माणसं मोजून. सुगीत आणि लावणीत घरची बाईमाणसं दिवसभर शेतात असतात, आयत्या वेळी पंगत मागणं बरोबर नाही.

सुगीतला त्रास वेगळा. गावाजवळच्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं, पिंजर (भाताचा पेंढा) पसरलेलं असतं. भातावरून चाक नेऊ नये, उतरून कडेनं ढकलावं. पिंजर मागच्या गिअरच्या चकत्यांत गुंडाळतं. पायडल जड लागताक्षणी थांबावं. जोर लावला तर डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ओढला जाऊन त्याचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो आणि तो गावात मिळत नाही. म्हणून सगळ्या सायकली एकाच मॉडेलच्या घेऊन एक जादा हँगर जवळ ठेवणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दाटून चाक अडकतं. मडगार्ड काढून ठेवावं, किंवा दोन बोटं अंतर राहील इतकं वर घ्यावं. ४० मिलिमीटरच्या टायरला डांबरी रस्त्यावर ४५-५० पीएसआय हवा पुरे. चिखलाच्या वाटेवर पाच-सात पीएसआय कमी करावी. रूळ ओलांडावे लागतील तिथे काटकोनात जावं, ओले रूळ चाक सरकवतात.

आठ-दहा जणांना दोन वाटाडे हवेत, एक पुढे आणि एक शेवटी. मच्छेपासून पुढे गोव्याकडच्या रस्त्यावर ट्रक वाहतात, तिथे सगळ्यांनी एका रांगेत यावं. घरी आल्यावर माती वाळायच्या आत सायकल धुवावी, पण चाकाच्या हबवर जोराचा फवारा मारू नये. ग्रीस धुऊन जातं. साखळी पुसून, कोरडी करून मगच तेल द्यावं.