आमची वाटचाल : खाऱ्या वाऱ्यातले एसी

मालवण-तारकर्ली पट्ट्यात न्याहारी निवासाच्या खोल्या वाढल्या आणि आमचं दुकान एसीकडे वळलं. त्याआधी फ्रीज आणि मासळीवाल्यांचे डीप फ्रीझर, एवढंच काम. आर-22 या जुन्या गॅसचे एसी गेले, आर-32 या नव्या गॅसचे, गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारे इन्व्हर्टर एसी आले, किनाऱ्यावरची तक्रार मात्र तीच राहिली, "थंड होत नाय, गॅस भरून द्या."

गॅस पुष्कळदा जागेवरच असतो. आऊटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, फिनवर (उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्यांवर) बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. पाइप तांब्याचा, फिन अ‍ॅल्युमिनियमच्या; मध्ये खारट ओल बसली की बॅटरीसारखा खेळ सुरू होतो आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. फिन पाइप सोडते, उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जादा अ‍ॅम्पिअर ओढतो. साध्या, बिगर-इन्व्हर्टर मशीनमध्ये गॅस कमी असेल तर अ‍ॅम्पिअर उलट उतरतात. म्हणून वायरला चिमटा लावून करंट मोजणारं क्लॅम्प मीटर लावल्याशिवाय आमचा गॅसचा सिलिंडर गाडीतून उतरत नाही. गॅस भरला तर दोन पैसे लगेच सुटतात, पण महिन्याभरात तेच गिऱ्हाईक दारात उभं.

आऊटडोअर कुठे बसवायचं, यावरून वाद ठरलेला. "गॅलरीत डबो नको, पावण्यांका समुद्र दिसाक व्हयो," असं एका काकींनी बजावलं, तेव्हा आम्ही मनातून खूश! आम्हालाही तो घरामागेच हवा होता, वाऱ्याच्या आडोशाला. फक्त पत्र्याखाली नको. पावसाने मीठ धुऊन जातं. पत्र्याखाली ते साचत राहतं, आणि झाकलेलं युनिट आधी सडतं. चिऱ्याच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, चिरा भुगा होऊन सुटतो. तिथे आम्ही आरपार बोल्ट घालून आतून पट्टी देतो, नाहीतर सरळ जमिनीवर स्टँड. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. नेहमीच्या 304 ग्रेडवरही इथे तांबूस डाग धरतात. महाग पडतात, कुरकुर ऐकावी लागते.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं. माड पडले, खांब पडले, वीज गेली. युनिटं खाऱ्या पाण्याने न्हाली होती. वीज आली तरी लगेच स्विच दाबू नका, आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, असं आम्ही फोनवर सांगत सुटलो. देखभालीचा वार्षिक करार लोकांना त्यानंतर पटू लागला. आज बसवण्यापेक्षा धुण्याचंच काम जास्त आहे.

धुताना मेन बंद, साधा पाइप, धार हलकी. प्रेशर वॉशरने फिन लोळतात, अ‍ॅसिडने तर उरलेलं अ‍ॅल्युमिनियमही जातं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तिथे पाणी आम्ही टाकीतून नेतो. गणपती उरकले की पहिली फेरी निघते आणि दिवाळीच्या पर्यटकांआधी संपवावी लागते, तेव्हा खोल्यांच्या तारखा आधी कळवा.