एका सापात दोन कणे

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आणि प्लेनो भागात मराठी घरं बरीच आहेत. आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांसाठी ती येत असतात. साप घेऊन आलेलं हे पहिलंच कुटुंब होतं. कॉलेजच्या उंबरठ्यावरचा मुलगा, त्याचे वडील, आणि प्लास्टिकच्या डब्यात उशीचा अभ्रा. अभ्र्यात चार फुटी होंडुरन मिल्क स्नेकची मादी होती. दोन साप एका पेटीत होते. रविवारी सकाळी त्यातला एक दिसेना, आणि तेव्हापासून दुसरी मधोमध फुगलेली.

"ताई, पळाला तो पळाला. पण हिच्या पोटात गाठबिठ नाही ना?" वडील म्हणाले.

रविवार त्यांनी घर शोधण्यात घालवला होता. भिंतीकडेने मैद्याच्या रेघाही ओढल्या होत्या. सुटलेला साप रात्री भिंतीला धरून फिरतो, त्यामुळे मैद्यावर त्याचा माग उठतो. युक्ती चांगली आहे. इथे माग उठला नव्हता. आणि पेटीच्या झाकणाच्या चारही क्लिपा जागच्या जागी लागलेल्या होत्या.

सापाला हात लावण्याआधी आम्ही माहिती घेतो. मुलाने वजनाची वही आणली होती, त्यामुळे काम सोपं झालं. महिन्याच्या सुरुवातीला मादी ४१० ग्रॅम, नर ११५ ग्रॅम. आज मादी अभ्र्यासकट तोलली, अभ्र्याचं वजन वजा केलं, तर ५२० ग्रॅम भरली. इतक्या थोड्या दिवसांत ट्यूमर शंभर ग्रॅमने वाढत नाही. खरं तर इथेच शंका यायला हवी, पण वजनावर निदान करता येत नाही.

कोलुब्रिड कुळातल्या सापाचं (मिल्क स्नेक त्यातलाच) पोट मधोमध फुगलं की पहिला संशय क्रिप्टोस्पोरिडियमचा. या परजीवीमुळे जठराची भिंत जाड होते, साप गिळलेलं दोन-तीन दिवसांनी उलटून टाकतो आणि खंगत जातो. खात्रीचं औषध नाही, आणि नेहमीचं ब्लीच त्याला मारत नाही. दुसरी शक्यता अडकलेल्या अंड्यांची. पण ती फूग शरीराच्या मागच्या भागात येते, हिची पुढच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू होत होती. शिवाय ही उलटत नव्हती, खंगलेली नव्हती, जीभ नीट बाहेर येत होती. चाचपणं आम्ही टाळलं. भरल्या पोटावर दाब पडला तर साप सगळं ओकतो, आणि ओकताना अन्ननलिका सोलवटते.

मग एक्स-रे. सापाला ताणून धरायचं नाही. पारदर्शक चपट्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं, आणि ती वेटोळी सैल करून स्थिरावली तेव्हा फोटो घेतला. सापाच्या एक्स-रेत एक कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फासळ्या दिसतात. इथे कणे दोन होते. बाहेरचा तिचा. आत दुसरा, लाटालाटांनी दुमडलेला, आणि त्याची कवटी तिच्या शेपटीच्या दिशेला. म्हणजे डोक्याकडून गिळलेला. किंगस्नेक जवळजवळ स्वतःएवढा लांब साप पोटात कसा बसवतो, यावर २००४ साली अभ्यास झाला होता. गिळताना भक्ष्याचा कणा असाच लाटांसारखा दुमडतो आणि लांबी आखडते. मिल्क स्नेक किंगस्नेकच्याच प्रजातीतला, लॅम्प्रोपेल्टिस. साप खाणं हा त्यांचा स्वभाव आहे.

स्क्रीन वडिलांकडे वळवली. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे हा तोच?"

"हो काका, तोच."

मुलगा काही बोलला नाही. विक्रेत्याने त्याला "जोडी ठेव, सोबत होते" असं सांगितलेलं होतं. सापाला सोबत नको असते. दोघांना एकाच वेळी, एकाच पेटीत उंदीर देत होते. दोन साप एका उंदराची दोन टोकं पकडतात, मध्यावर तोंडं भिडतात, आणि मोठा सोडत नाही. किंवा छोट्याच्या अंगाला उंदराचा वास लागतो आणि मोठा त्यालाच धरतो. साडेतीनपट वजनाचा फरक असताना हे कधीतरी होणारच होतं. मिल्क स्नेक एका पेटीत एकच, पिल्लंसुद्धा वेगळी. प्रजननासाठी एकत्र सोडायचे तर दोघंही खाऊन-पिऊन तृप्त हवेत, आकार जुळता हवा, समोर माणूस बसलेलं हवं, आणि काम झालं की लगेच वेगळे.

उपचार म्हणून डॉक्टरांनी काही केलं नाही, आणि हेच सांगणं सर्वात अवघड जातं. शस्त्रक्रिया करायचं कारण नव्हतं. तिच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त, म्हणजे मोठं पण पचण्याजोगं जेवण होतं ते. फक्त पेटीची उबदार बाजू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकली पाहिजे. ऊब कमी पडली तर पोटातलं पचण्याआधी सडतं, गॅस धरतो, आणि साप उलटतो. फूग उतरेपर्यंत हाताळायचं नाही, पाणी रोज ताजं. घरी नेताना गाडीचा एसी चालू ठेवायचा. टेक्ससच्या उन्हात बंद गाडीतला डबा बघता बघता चाळिशीपार जातो आणि साप त्यात जगत नाही.

ऊब हा शब्द निघाला तेव्हा पेटीचे फोटो मागितले. काचेखाली चिकटवलेली हीट मॅट, थर्मोस्टॅट नाही, आणि काचेवर गोल काट्याचा थर्मामीटर २६ दाखवतोय. तो काटा हवेचं तापमान सांगतो, आणि साप पोटाने काचेला टेकतो. संध्याकाळी वडिलांनी लेझर गनने भुशाखालची काच मोजून फोनवर कळवलं, ४३ अंश. अशा काचेवर पोटाचे खवले भाजतात, आणि साप जागचा हलतही नाही. मॅट थर्मोस्टॅटवर लावायची, त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅट आणि काच यांच्या मध्ये नव्हे, तर पेटीच्या आत, सापाचं पोट टेकतं तिथे चिकटवायचा, आणि सेटिंग ३१. मॅट तळाच्या तिसऱ्या हिश्श्यालाच. थंड बाजू २३–२४. दोन्ही बाजूंना एकेक लपायची जागा, इतकी घट्ट की सापाचं अंग तिन्ही बाजूंना टेकेल. मोठ्या पोकळ घरात तो लपतो, पण निवांत होत नाही, आणि मग खाणं सोडतो. बूड भुशाचं, अस्पेनचं. देवदार किंवा पाइनचा नको, त्यातली तेलं श्वसनाला बाधतात. कातीच्या दिवसांत ओलसर मॉस भरलेला एक डबा ठेवला की डोळ्यांवरची कात अडकत नाही.

या सगळ्यात वडिलांचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. धामण गायीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं त्यांच्या सातारच्या घरी सांगत असत, आणि याच्या नावातच दूध. अमेरिकन शेतकऱ्यांनीही गोठ्यात दिसणाऱ्या या सापावर तोच आळ घेतला, त्यावरूनच हे नाव. तो येतो गोठ्यातल्या उंदरांसाठी. दूध ओढून प्यायला सापाला ओठ नाहीत, आणि सुईसारखे दात आचळाला लागले तर गाय उभी राहायची नाही.

मुलाला नर पुन्हा घ्यायचा होता. घे, पण दुसऱ्या पेटीत, आणि नव्वद दिवस दुसऱ्या खोलीत. चिमटा, पाण्याचं भांडंही वेगळं. माइट हे सापाच्या अंगावरचे बारीक परजीवी, काळ्या ठिपक्यांसारखे पाण्याच्या भांड्यात तळाला दिसतात. आणि घेताना काय बघायचं? होंडुरन हा माझा पहिला सल्ला. जाडसर असतो, पिल्लं पहिल्यापासून पिंकी, म्हणजे नुकते जन्मलेले बिनकेसांचे उंदीर घेतात. प्युब्लन मिल्क स्नेक तीन फुटांवर थांबतो, जागा कमी असेल तर तोच बरा. इथे अंगणात सापडणाऱ्या जंगली मिल्क स्नेकच्या वाटेला जाऊ नये. त्यांची पिल्लं पाली-सरड्यांशिवाय तोंड लावत नाहीत, आणि उपासात मरतात. शिवाय टेक्ससात लाल-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा विषारी कोरल स्नेकही आहे. त्यात लाल पट्ट्याला पिवळा टेकतो, मिल्क स्नेकमध्ये काळा. पण विचित्र रंगाचे नग निघतात, म्हणून पट्टे बघून हात घालायचा नाही.

विक्रेत्याला आपल्यासमोर, डीप फ्रीजमधला वितळवलेला उंदीर त्या पिल्लाला खाऊ घालायला सांगावं. टाळाटाळ केली तर निघून यावं. कण्यावर अंगठा फिरवावा, गाठ-वाकडेपणा लागतो. तोंडाच्या कडेला बुडबुडे, गुदद्वाराला चिकटलेली शी, हातात ढिला पडणारा साप, यातलं एकही असेल तर नको. २०१४ मध्ये या जातीचे तुकडे होऊन नावं बदलली, विक्रेते जुनीच लिहितात. त्याने काही अडत नाही.

पुढे मुलाने विष्ठेचा फोटो पाठवला. पांढऱ्या युरेटजवळ (सापाची घट्ट लघवी) पारदर्शक खवल्यांचा लगदा होता. हाडं विरघळतात, खवल्यांचं केराटिन पचत नाही. पोट सपाट झालं होतं. त्यानंतरही आठवडाभर उपास ठेवला, आणि मग तिच्या नेहमीच्या आकाराच्या निम्मा उंदीर. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवलेला, नंतर कोमट पाण्यात पिशवीसकट गरम केलेला. मायक्रोवेव्हमध्ये तो आतून शिजतो आणि फुटतो. लांब चिमट्यानेच द्यायचा, कारण हाताला उंदराचा वास असला तर तिला फरक कळत नाही.